स्थळ चांगलं आहे

14 नोव्हेंबर 2017 ला टोकियोजवळच्या मिनामी-नागारेयामा स्थानकातून त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वेळेच्या 20 सेकंद आधी सुटली. कुणी तक्रार केली नव्हती, तरीही कंपनीने जाहीर माफी मागितली. जगभर कौतुक झालं. आपल्याकडे ही बातमी बऱ्याच जणांनी लोकलच्या दारात लोंबकळत वाचली असेल. त्याच देशात राजगादीला पुढे वारस कुठून आणायचा, हा प्रश्न 2005 पासून विचाराधीन आहे आणि त्याबद्दल अजून कुणी माफी मागितलेली नाही. मागायचं कारणही नाही. गाडीची घाई वेगळी आणि गादीची वेगळी, हे ज्यांना कळतं त्यांनाच राज्य चालवता येतं.

शिवाय सरकारच्या मते उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. ते उत्तर 6 सप्टेंबर 2006 ला सकाळी 8 वाजून 27 मिनिटांनी टोकियोतल्या एका रुग्णालयात सिझेरियनने जन्मलं. वजन 2558 ग्रॅम. घटनात्मक पेचाचं वजन काट्यावर करता येतं, हे जगाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सहा दिवसांनी त्याचं नाव हिसाहितो ठेवण्यात आलं.

त्याच्या आधीची दोन वर्षं मात्र जरा गडबडीची होती. 1965 मध्ये जन्मलेल्या राजपुत्र अकिशिनोंनंतर राजघराण्यात मुलगा झाला नव्हता. ओळीने नऊ मुली झाल्या होत्या. तेव्हाचे युवराज नारुहितो आणि मासाको यांना एकच अपत्य, 2001 मध्ये जन्मलेली आयको. पंतप्रधान कोइझुमी यांचा स्वभाव थोडा उतावळा. त्यांनी जाणकारांची समिती नेमली. समितीने नोव्हेंबर 2005 मध्ये अहवाल दिला की पहिलं अपत्य, मुलगा असो वा मुलगी, गादीवर बसावं. विधेयकाची तयारी सुरू झाली. आणि 7 फेब्रुवारी 2006 ला, पंतप्रधान संसदेच्या समितीत बसलेले असताना, त्यांच्या हातात चिठ्ठी आली: अकिशिनोंच्या पत्नी किको यांना दिवस गेले आहेत. वय 39, दोन मुलींनंतर. विधेयक बासनात गेलं. मुलगा की मुलगी हे ठरायच्या आत गेलं, ही खरी दाद देण्यासारखी गोष्ट. कायदे करायला संसद लागते, पण कायदे न करायला नुसती आशा पुरते.

सगळं काही एका मुलावर येऊन ठेपणं ही एका रात्रीत साधणारी गोष्ट नव्हे. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कष्ट घ्यावे लागतात, आणि जपानने ते घेतले.

पूर्वी या गादीवर बायकासुद्धा बसत. आठ जणी बसल्या, त्यातल्या दोघी दोनदा. शेवटची गो-साकुरामाची, 1762 मध्ये. मेइजी काळातल्या शहाण्यांनी 1889 च्या राजघराणे कायद्यात हे दार लावून घेतलं. आता वंशावळ सांगते की हे घराणं सूर्यदेवी अमातेरासूपासून सुरू झालं. म्हणजे वंश बाईपासून सुरू होऊ शकतो, फक्त बाईकडून पुढे जाऊ शकत नाही. यात विसंगती पाहणाऱ्यांनी देवीच्या काळात वाय गुणसूत्राचा शोध लागलेला नव्हता हे लक्षात घ्यावं. आता लागला आहे, आणि आद्य सम्राट जिम्मूचं वाय गुणसूत्र आजतागायत अखंड चालत आलं आहे, असा युक्तिवाद काही विद्वान गांभीर्याने करतात. जिम्मूचा काळ परंपरेनुसार इसवी सनापूर्वी 660. त्याचं गुणसूत्र कुणी पाहिलेलं नाही. पण वारसाहक्काच्या वादात कागदपत्रं कुणी सादर केली नाहीत की दावा आणखी भक्कम होतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही माहीत असतं.

दुसरं दार उपपत्नींचं. सम्राट मेइजी आणि त्यांचे चिरंजीव सम्राट ताइशो, दोघेही पट्टराणीच्या पोटचे नव्हते. गादी चालत राहण्यामागे देवीच्या कृपेइतकाच या व्यवस्थेचा वाटा होता. सम्राट हिरोहितोंनी ती मोडीत काढली, आणि 1947 च्या कायद्याने औरस संततीलाच हक्क ठेवला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला राजघराण्याच्या अकरा शाखांमधली 51 माणसं सामान्य नागरिक झाली. हे तिसरं दार. मग कुणी दत्तकाचा विषय काढू नये म्हणून कायद्याचं नववं कलम आहे: सम्राटाला आणि राजघराण्यातल्या कुणालाही दत्तक घेता येणार नाही. दत्तक म्हटलं की मराठी माणसाला सातारा आणि झाशी आठवते. तिथे डलहौसीला मनाई करावी लागली होती. इथे घरच्यांनीच केली, बाहेरच्या गव्हर्नर जनरलची गरज पडली नाही. आणि राहिलेल्या मुलींचं काय, तर त्यांनी बाहेरच्या माणसाशी लग्न केलं की त्या राजघराण्याच्या राहत नाहीत. पाचही दारं अशी नीट लावून, कड्या घालून झाल्यावर घरात माणसं कमी का झाली याचा अभ्यास करण्यासाठी समित्या नेमण्यात आल्या.

आजची मोजदाद सोपी आहे. राजघराण्यात सोळा माणसं. त्यात पुरुष पाच. एक सम्राट, एक निवृत्त सम्राट. उरले तीन, आणि त्या तिघांत चाळिशीच्या आतला एक.

1947 चा हा कायदा अमलात आला तो दिवस 3 मे. त्याच दिवशी जपानची नवी राज्यघटनाही अमलात आली. तिच्या चौदाव्या कलमात स्त्री-पुरुष भेदाला मनाई आहे. दोन्ही कागद एकाच सकाळी लागू झाले आणि गेली सत्तरहून अधिक वर्षं एकमेकांच्या वाटेला न जाता शेजारी नांदत आहेत. एवढा समजूतदारपणा सख्ख्या जावांमध्येही दिसत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने हा कायदा बदलावा असं सुचवलं. जपानने तात्त्विक वादात वेळ घालवला नाही. जानेवारी 2025 मध्ये कळवलं की आमच्या ऐच्छिक देणगीतला पैसा यापुढे या समितीवर खर्च करू नका. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सनाए ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. गादी पुरुषांच्याच वंशात राहावी या मताच्या त्या ठाम पुरस्कर्त्या आहेत. जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक स्त्री सम्राट चालेल म्हणतात. पण लोकांना काय, पंतप्रधानपदी बाई चालते म्हटल्यावर त्यांना कुठेही बाई चालेल असं वाटू लागतं.

या सगळ्याच्या मध्यभागी तो मुलगा वाढला. तो पाच वर्षांचा असताना, 3 नोव्हेंबर 2011 ला, एक जुना विधी झाला. पारंपरिक वेश घालून त्याला ‘गो’ या खेळाच्या पटावर उभं केलं. पट म्हणजे जाड लाकडी ठोकळा, पाच वर्षांच्या पोराला पुरेसा उंच. हातात पाइनची डहाळी. केसांची टोकं जराशी कापली. मग त्याने पटावरून खाली उडी मारली. मूल धडधाकट वाढावं म्हणून हा विधी. पाच वर्षांच्या मुलाला उडी मार म्हणून सांगावं लागलं आणि त्याने ती सगळ्यांदेखत, ठरलेल्या दिशेला, एकदाच मारली, यातच त्याचं पुढचं शिक्षण कसं होणार हे दिसलं.

शिक्षणाबद्दल देशाने मुळीच हयगय केली नाही. त्याने शाळेत असताना ओगासावारा बेटांच्या सहलीवर निबंध लिहिला, त्याला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. नंतर त्यातली काही वाक्यं प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकातल्या मजकुराशी जुळतात असं लोकांनी शोधून काढलं, आणि 2022 मध्ये राजवाड्याच्या कारभार खात्याला संदर्भ द्यायचा राहिला असा खुलासा करावा लागला. शाळकरी निबंधाची अशी छाननी जर सगळ्यांच्याच वाट्याला आली, तर निम्म्या जगाचं शालेय शिक्षण रद्द करावं लागेल. 2024 मध्ये तो शिफारशीच्या वाटेने टोकियो विद्यापीठात जाणार अशी नुसती कुजबुज झाली, तर ते होऊ नये म्हणून हजारो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. मुलाच्या कॉलेज प्रवेशात एवढं लक्ष घालणारे काका-मामा आपल्याकडेही असतात, पण इतक्या संख्येने नाही. शेवटी एप्रिल 2025 मध्ये तो त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला लागला. म्हणजे 20 सेकंद आधी सुटणाऱ्या गाडीच्या गावाला.

एक प्रसंग इथे नुसता नोंदवून ठेवतो. 26 एप्रिल 2019 ला, त्याचे काका नारुहितो गादीवर बसायच्या पाच दिवस आधी, एक माणूस कामगाराच्या वेशात त्याच्या शाळेत शिरला आणि त्याच्या बाकावर दोन सुरे ठेवून गेला. वर्ग तेव्हा बाहेर गेला होता.

मोकळीक म्हणाल तर ती आहे. प्रत्येक पिढीला तिच्या वाट्याची मोकळीक मिळतेच. आजोबा अकिहितोंचं पाहा. तीन वर्षांचे होईपर्यंत ते आईवडिलांपाशी होते; मग प्रथेप्रमाणे त्यांना वेगळं काढून दरबारी मंडळींनी वाढवलं. 1 जानेवारी 1946 ला वडिलांनी आपण देव नसल्याचं जाहीर केलं, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाहून एलिझाबेथ ग्रे व्हाइनिंग या बाई इंग्रजी शिकवायला आल्या. त्यांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक इंग्रजी नाव दिलं. युवराजाच्या वाट्याला आलं जिमी. मुलगा म्हणाला, मी जिमी नाही, मी राजपुत्र आहे. बाईंनी समजावलं की तू राजपुत्र आहेसच, पण या वर्गात तुझं नाव जिमी. मग तो हसला. जानेवारीत देवाचा मुलगा माणसाचा मुलगा झाला होता, ऑक्टोबरमध्ये जिमी झाला. इतकी झपाट्याने पदोन्नती त्या घराण्यात आधी कुणाची झाली नव्हती. जिमीचा मुलगा नारुहितो 1983 मध्ये ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याने धुण्याच्या यंत्रात जास्तीचे कपडे कोंबून सगळीकडे फेस करून ठेवला, आणि पुढे आठवणींच्या पुस्तकात हे आवर्जून लिहिलं. इतरांच्या आयुष्यात ज्या गोष्टीसाठी घरमालक अनामत रक्कम कापतो, ती सम्राटाच्या आयुष्यात स्वातंत्र्याची आठवण ठरते.

हिसाहितोच्या वाट्याला चतुर आले. लहानपणापासून तो आकासाकातल्या राजघराण्याच्या आवारात तळ्यांकाठी चतुर आणि टाचण्या पाहत हिंडायचा. टोकियोच्या ऐन मध्यावर कुंपणातली ती हिरवी जागा. तिथे त्याने आणि दोन संशोधकांनी मिळून 38 जाती नोंदवल्या, आणि 2023 मध्ये तो शोधनिबंध राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयाने छापला. त्यातला मुद्दा असा की आवारात सावलीची तळी आहेत, उघड्यावरची आहेत, वाहतं पाणी आहे, गवत वेळच्या वेळी कापलं जातं, काही ठिकाणी मुद्दाम ठेवलं जातं. अशी विविधता माणसाने हाताने राखली म्हणून इतक्या जाती टिकल्या. हे वाचून एखाद्या समितीने बोध घ्यावा असं मला मुळीच सुचवायचं नाही. शोधनिबंध चतुरांवर आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे.

खरं तर या घराण्याला प्राणिशास्त्राची ओढ का, हा कोड्यात टाकणारा प्रश्न वाटतो, पण तो फारसा अवघड नाही. पणजोबा हिरोहितोंनी समुद्रातल्या हायड्रोझोआंचा अभ्यास केला, आजोबांनी गोबी माशांचा, वडिलांनी कॅटफिश माशांचा आणि कोंबड्यांचा. कोंबड्यांवर त्यांची डॉक्टरेट आहे. या प्राण्यांची एक खासियत अशी की ते पत्रकार परिषदेत लग्नाबद्दल विचारत नाहीत. गोबींच्या तर काही जातींत गरज पडली की मादीचा नर होतो. इतकी सोपी तरतूद माशांना सुचली, कायदेपंडितांना नाही. पण मासे संख्येने पुष्कळ आहेत, त्यांना प्रयोग परवडतात.

6 सप्टेंबर 2025 ला हिसाहितोचा प्रौढत्वाचा सोहळा झाला. कायद्याने तो वर्षभरापूर्वीच सज्ञान झाला होता, पण मध्ये प्रवेश परीक्षा होती. अभ्यास बुडू नये म्हणून परंपरा एक वर्ष थांबली. परंपरेने इतकी लवचीकता दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. राजवाड्यात त्याच्या डोक्यावरची पोरवयाची टोपी काढून प्रौढाचा काळा मुकुट चढवला. पांढऱ्या दोऱ्या हनुवटीखाली बांधल्या. आणि मग लोंबणारी टोकं कात्रीने कापली, दोन्ही बाजूंनी, कट, कट. दालनात तेवढाच आवाज. राजघराण्यात पुरुषाच्या वयात येण्याचा असा सोहळा चाळीस वर्षांनी होत होता. याआधीचा 1985 मध्ये, त्याच्याच वडिलांचा.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याने आयुष्यातली पहिली पत्रकार परिषद घेतली. लग्नाचा प्रश्न आलाच. त्यावर आपण अजून फारसा खोल विचार केलेला नाही असं तो म्हणाला. अठरा वर्षांच्या मुलाने हे म्हणणं साहजिक आहे. त्याला विचार करायची गरजही नाही. बाकीचे बारा कोटी लोक तो करत आहेत. म्हणूनच वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत हे स्थळ कसं नोंदवता येईल, ते मुलीकडच्यांच्या सोयीसाठी इथे देतो.

मुलगा: एकुलता एक, दोन मोठ्या बहिणी. जन्मवेळ उपलब्ध, पत्रिका बघता येईल. शिक्षण जीवशास्त्र, चालू. आवड: चतुर, भाजीपाला पिकवणं. नोकरी कायमची, निवृत्तीची सोय नाही. आजोबांना 2019 मध्ये निवृत्त व्हायचं होतं तर संसदेला खास एकदाच वापरायचा कायदा करावा लागला. आडनाव नाही. मतदानाचा हक्क नाही. लग्नानंतर मुलीलाही राहणार नाही, आणि तिचं नाव माहेरच्या कुटुंबनोंदीतून कमी होईल. लग्नाला दहा जणांच्या राजघराणे मंडळाची संमती लागेल. मुलाकडच्या बैठकीत पंतप्रधान, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि सरन्यायाधीश असतील. चहापोह्यांचा बेत त्या हिशेबाने करावा. देण्याघेण्याची अपेक्षा काही नाही. फक्त मुलगा.

आधीच्या सुनांची चौकशी करायची झाल्यास माहिती जाहीर आहे. आजी मिचिको पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या कारखानदाराच्या कन्या. कारुइझावाच्या टेनिस कोर्टवर ओळख झाली, 1959 मध्ये लग्न. भावी सम्राटाशी लग्न झालेली सामान्य घरातली पहिली मुलगी. मिरवणूक बघण्यासाठी लोकांनी दूरचित्रवाणी संच विकत घेतले. 1993 मध्ये नियतकालिकांतून त्यांच्यावर टीकेची राळ उठली, आपल्या वाढदिवशी त्या कोसळल्या आणि पुढे काही महिने त्यांचा आवाज गेला होता. काकू मासाको हार्वर्डमध्ये शिकलेल्या, परराष्ट्र खात्यात अधिकारी. लग्न 1993. मुलगा कधी याची वाट देशाने आठ वर्षं पाहिली, झाली मुलगी. 2004 मध्ये ताणामुळे आलेला आजार जाहीर झाला आणि त्या बराच काळ लोकांसमोर फारशा आल्या नाहीत. थोरली नणंद माको 2021 मध्ये मनाजोगं लग्न करून, देऊ केलेली रक्कम नाकारून न्यूयॉर्कला निघून गेली. थोडक्यात, घरचं वातावरण सुसंस्कृत आहे आणि नणंदेचा जाच होणार नाही.

हे स्थळ जमेपर्यंत पर्याय म्हणून दोन सूचना 2022 पासून संसदेसमोर आहेत. एक, मुलींना लग्नानंतरही घराण्यात राहू द्यावं. त्यांच्या नवऱ्याचं आणि मुलांचं काय करायचं यावर पक्षांचं एकमत नाही. दुसरी, 1947 मध्ये बाहेर काढलेल्या शाखांमधले पुरुष दत्तक घ्यावेत. त्या शाखांचा आणि आजच्या सम्राटांचा पुरुष-वंशातला सामाईक पूर्वज सुमारे 600 वर्षांपूर्वीचा. सख्खी मुलगी आयको, सम्राटाच्या घरात वाढलेली, आता रेडक्रॉसमध्ये नोकरी करणारी, ती लांबची. आणि 600 वर्षांपूर्वीच्या चुलत्याचा वंशज, जो आज कुठेतरी ऑफिसला जात असेल, तो जवळचा. भाऊबंदकीचं गणित मांडायचं तर असं मांडावं. 2024 मध्ये खुद्द अकिशिनोंनी पत्रकारांना सांगितलं की या नियमांचा परिणाम ज्यांच्यावर होतो ती जिवंत, हाडामांसाची माणसं आहेत. त्यांचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं.

तेव्हा काळजीचं काही कारण दिसत नाही. सम्राट नारुहितो, मग अकिशिनो, मग हिसाहितो. त्याच्यानंतरचा क्रमांकही रिकामा नाही. तिथे राजपुत्र हिताची आहेत, सम्राटांचे काका, नोव्हेंबर 2025 मध्ये नव्वदी पूर्ण केलेले. त्यांना मूलबाळ नाही. सरकारने त्यांनाही रांगेत धरलं आहे.